अव्वांनी कानडी सोडली

शिवांश तीन वर्षांचा झाला तरी बोलेना, तेव्हा घरात आधी चूक कुणाची ते शोधलं गेलं. आपल्याकडं मूल हडकलं, पडलं, बोबडं बोललं, की कुणाच्या तरी माथी मारायला लागतंच. २००३ साली, लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान असलेल्या या घरात ते रत्नव्वांच्या, म्हणजे शिवांशच्या आजीच्या माथी बसलं.

रत्नव्वा मूळच्या निपाणीकडच्या. सगळं आयुष्य कोल्हापुरात गेलं, पण नातवाशी कानडीतच बोलायच्या. न्हाऊ घालताना, भरवताना, थोपटताना तोंड चालूच. सून शिवलीला मात्र त्याच्याशी मराठीत बोले. बालवाडीच्या बाईंनी सांगून टाकलं, "दोन भाषांनी पोराचा गोंधळ होतोय. घरात एकच ठेवा." बाईंनी पोराला धड पाहिलंही नव्हतं, पण कुणी ठासून सांगितलं की आपल्याला ते पटतं.

रात्री जेवताना शिवांशचा बाप संगमेश आईला म्हणाला, "अव्वा, तुझ्या कानडीपायी पोरगं मुकं ऱ्हाईल. त्याच्याशी बोलू नगंस."

"मग मराठीत बोलू की."

"तुझी मराठीबी कानडीच हाय. गप ऱ्हा."

रत्नव्वा गप्प राहिल्या. सांगायला हे सोपं आहे. नातू मांडीवर आणि ओठाशी आलेला शब्द गिळायचा, ही शिक्षा मी तरी वैऱ्याला देणार नाही. त्यांनी ती मुकाट्यानं घेतली, कारण त्यांनाही ते खरं वाटलं होतं.

तोंड बंद झालं तसे त्यांचे हात बोलू लागले. जेवायचं तर बोटं ओठांना, झोपायचं तर तळवा गालाला. आणि एरवी चावणारं, डोकं आपटणारं ते पोर हळूहळू निवलं. तोही बोटं ओठांना लावून भाकरी मागायला लागला. शिवलीलेच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण दिवसभर घसा फोडायचा आणि पोरानं न बोलणाऱ्या आजीमागं धावायचं!

एका दुपारी तो अंगणात पाठमोरा मुंग्या बघत बसला होता. तिनं पुन्हा पुन्हा हाका मारल्या. तो हलला नाही. ती धपाटा घालायला निघाली, तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून रत्नव्वांनी नुसता हात हलवला आणि तो उठून पळत गेला.

शिवलीला जागीच थांबली. मग घरातून ताट आणि पळी घेऊन आली आणि त्याच्या पाठीमागं उभी राहून बडवत सुटली. शेजारची मलिका काय झालं म्हणून धावत आली. शिवांशनं मान वळवली नाही.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ऐकणं जन्मापासूनच फार कमी आहे. भाषेचा यात काही दोष नाही. यंत्र लावलं तर थोडंफार पोचेल.

घरी येऊन शिवलीला म्हणाली, "अव्वा, तुमच्या कानडीनं काही बिघडलं नव्हतं. आमचंच चुकलं." संगमेश खाली बघत उभा होता. हे ऐकून अव्वा सुटल्या, असं दोघांना वाटलं.

रत्नव्वा म्हणाल्या, "म्हंजे माझं बोलणं त्याला कवाच ऐकू गेलं न्हाय? न्हाऊ घालताना म्हटलेली गाणीबी न्हाय?"



यंत्र बसवलं त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता कुणीतरी बोला." सगळे आईकडं बघू लागले. शिवलीला बाजूला सरली आणि तिनं सासूला पुढं केलं.

रत्नव्वांनी संगमेशकडं पाहिलं.

"बोल अव्वा," संगमेश म्हणाला. "कानडीतच बोल."

त्या वाकल्या. गप्प राहायची इतकी सवय झालेली की शब्दच सुचेना. शेवटी म्हणाल्या, "बा, शिवू. बा." ये म्हणून.

शिवांश दचकला. त्यानं आधी आजीच्या हातांकडं पाहिलं. हात मांडीवर स्वस्थ होते. तो गोंधळला, आणि मग मान वर करून त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं.