फुंकरीचं भस्म

शहाडला नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या पत्र्याच्या मांडवात रविवारी सकाळी चपला काढायलाही जागा उरत नसे. कुणाचा हात गळ्यात, कुणाचं सुजलेलं बोट दुसऱ्या मुठीत. क्रिकेटवाली पोरं, हंडीच्या सरावात थरावरून पडलेले गोविंदा, कबड्डीच्या मुली, आणि सगळ्यांमागे त्यांच्या आया.

फुंकरमहाराज आले. हातात मोरपिसांचा जाडजूड कुंचा, कपाळभर गुलाल.

"हाड तुझं, हुकूम माझा! डॉक्टर लावतो चुना, महाराज काढतो दुखणं! बोला, फुंकरमहाराज की..."

"जय!" मांडव दणाणला. महाराजांनी गाल फुगवले, कुंचा पुढे बसलेल्या कृतिकाच्या उजव्या मनगटाजवळ नेला, फुंकर मारली. आणि तिच्या कातडीवर पांढरंशुभ्र भस्म उमटलं! बघता बघता विरूनही गेलं.

"वळ मूठ, बाळा."

कालपर्यंत जिला पेला धरवत नव्हता, त्या कृतिकाने मूठ वळली. तिच्या आईने महाराजांचे पाय धरले. गर्दीतल्या बायकांनी डोळे पुसले.

खांबाला टेकून उभ्या असलेल्या समीक्षाच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला होता.

दोघी कल्याणच्या एकाच कबड्डी संघातल्या, दोघी चढाईच्या. फरक एवढाच, की कृतिका मैदानात असायची आणि समीक्षा बाकावर. सरावात पकड सोडवताना कृतिका उघड्या तळहातावर पडली आणि मनगट टम्म सुजलं, तेव्हा समीक्षा तोंडाने "अगं बाई!" म्हणाली खरी, पण मनातल्या मनात तिने जिल्हा संघाची जर्सी घालूनही पाहिली. आणि आता हे! सरांची लाडकी ही, पेपरात फोटो हिचा, आता देवही हिच्याच पार्टीत.

बाकीचे हात जोडून, डोळे मिटून बसले होते. समीक्षाला डोळे मिटवेनात. पुढच्या माणसावर फुंकर पडताना ती टक लावून बघत राहिली. महाराजांचं तोंड एकीकडे होतं, भस्म उमटलं ते कुंचा रोखला होता तिथे. 'जय'च्या गजरात बारीकसा फुस्स आवाज आला. आणि धुपाच्या वासातून एक औषधी वास आला, रोजच्या ओळखीचा.

संध्याकाळी मैदानावर तिने संघाच्या प्रफुल्ल सरांच्या किटमधला गार स्प्रे उचलला. कुणाला मार लागला की सर तोच मारायचे, लांबून आणि क्षणभरच. तिने तो स्वतःच्या मनगटाजवळ धरून दाबला. पांढरं भस्म उमटलं आणि विरलं. कातडी बधिर झाली, चिमटा काढला तरी कळेना.

समीक्षाला हसू आलं. पण तिने कुणाला सांगितलं नाही. खेळू दे हिला. निवड चाचणीत हात आपोआप दगा देईल. आपण थोडंच हिला ढकललंय?

पुढच्या सरावाला कृतिका पाण्याच्या बाटलीचं झाकण दातांनी उघडत होती. अंगठ्याच्या मुळाशी अजून सूज होती आणि मनगटावर भाजल्यासारखा लाल चट्टा.

"दुखतंय का गं?"

"नाय गं. हा चट्टा म्हणजे महाराजांची मोहर. शंका घेतली तर उलटतं, म्हणालेत." असं म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

समीक्षा उठली आणि नाक्यावरच्या डॉक्टर रवींद्रांच्या दवाखान्यात गेली. नाव न घेता तिने सगळं सांगितलं. डॉक्टरांनी हातातला चहा खाली ठेवला.

"अंगठ्याच्या मुळाशी एक छोटं हाड असतं. तळहातावर पडलं की ते मोडू शकतं. त्याला रक्तपुरवठा कमी. वेळेत प्लास्टर घातलं नाही तर ते जुळत नाही, कधी कधी मरतं. पहिल्या एक्स-रेत दिसतही नाही, म्हणून पुन्हा तपासावं लागतं. तशीच खेळली तर मनगट कायमचं अधू होईल. कोण आहे ती?"

समीक्षाला कृतिकाची जागा हवी होती. हात नको होता.

रविवारी कृतिका आईसोबत पुन्हा फुंकरीला आली होती. समीक्षा मांडवात सरळ पुढे गेली. "महाराज, माझ्यावर फुंकर मारा. पण कुंचा बाजूला ठेवून."

"अश्रद्धेच्या अंगावर भस्म रुसतं, पोरी!"

"माझ्यावर नाही रुसत." तिने पिशवीतून स्प्रे काढला आणि आपल्या हातावर मारला. भस्म उमटलं. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी हात पुढे केला. तिने लांबूनच जरासा मारला.

"आयला, बर्फ हाय ह्यो तर!"

कृतिकाची आई ताडकन उठली. "माझ्या पोरीवर जळतेस तू! लहानपणापासून जळतेस!"

"हो काकू, जळते," समीक्षा म्हणाली. "खूप जळते. पण मी जळते म्हणून त्या कुंच्यातली बाटली नाहीशी होणार आहे का? कुंचा उघडून बघा ना."

महाराज कुंचा पाठीमागे लपवायला गेले. आजोबांनी तो हिसकावला. मोरपिसं विखुरली आणि आतली स्प्रेची बाटली टणकन फरशीवर पडली. कृतिकाने ती उचलली, हुंगली, आपल्या लाल चट्ट्याकडे पाहिलं आणि इतके दिवस दाबून ठेवलेला हुंदका तिच्या तोंडातून बाहेर पडला.

"आई, दुखतंय गं. रोज दुखतंय."

तपासणीत हाड मोडलेलंच निघालं, पण जागेवरून हललं नव्हतं. प्लास्टर लागलं. जिल्हा संघात समीक्षाची निवड झाली, आणि जागेसाठीच हिने हे केलं, असं म्हणणारे भेटलेच. कृतिकाही कित्येक दिवस बोलली नाही. मग एकदा मैदानाच्या कडेला येऊन म्हणाली, "परत आले की तुला बाकावर बसवणार."

"बघू," समीक्षा म्हणाली. तिला पुन्हा जळायला झालं, आणि बरंही वाटलं.

भस्म म्हणजे गोठलेली वाफ, चमत्कार म्हणजे बधिर कातडी, मोहर म्हणजे गारठ्याचा चटका, आणि वळलेली मूठ म्हणजे दुखणं न कळणं. गार स्प्रे वाईट नाही. पण त्याने वेदना झोपते, हाड जुळत नाही. बोट निखळलं तर ओढू नका. मनगट सुजलं तर चोळू नका, फडक्यात बर्फ गुंडाळून शेका, हात उंच ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि कुणी शंका घेतली तर तिच्या मनात काय आहे ते नंतर विचारा. आधी तिने दाखवलेला कुंचा उघडून बघा.