कुत्र्यांच्या वाटची कलेजी

गुरुवारी बाजार भरला की हद्दू खाटकाच्या पालामागे सात कुत्री येऊन बसतात. त्यातलं एक त्याचं स्वतःचं, घरच्या मेंढ्या राखणारं. आमच्या या अ‍ॅटलासच्या डोंगरात कुठल्याही बाजारात जा, खाटकामागे कुत्री असतातच, त्यात नवल काय! मेंढी कापली की कलेजीत कधी कधी पाण्याने भरलेल्या पांढऱ्या पिशव्या निघतात. बोराएवढ्या, कधी अंड्याएवढ्या. गुरांच्या दवाखान्यातले म्हातारे झायदकाका मांसावर शिक्के मारत फिरतात. ते बोट दाखवून म्हणतात, "ही बाद." हद्दू ती मागे भिरकावतो. अल्लाने दिलेलं अन्न मातीत कशाला घालायचं, मुक्या जिवाच्या मुखी लागलेलं बरं. हद्दूचा बाप हेच करायचा. आणि उगाच साळसूद चेहरे करू नका, तुम्हीआम्हीही घरोघरी हेच करत आलो.

यंदा कुर्बानीच्या मोठ्या ईदच्या महिनाभर आधी हद्दूच्या इत्तोचं पोट कापावं लागलं. दहा वर्षांची पोर. पोटात दुखतं, दुखतं म्हणत होती. तिच्या आईने, तूदाने, आधी जिरं उकळून पाजलं, शेक दिला, मग पिराच्या दर्ग्यावर नेऊन आणलं. शेवटी शहरातलं इस्पितळ. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी हद्दूला आत बोलावून काचेची बरणी दाखवली. आत संत्र्याएवढी पांढरी पिशवी होती.

बाई तोंड उघडायच्या आत हद्दूने ती ओळखली. तीस वर्षं तो असल्या पिशव्या हाताळत होता.

"कुत्र्यांमुळे होतं हे," बाई म्हणाल्या. "अजून एक फुप्फुसात आहे. ती ईदनंतर काढू. तोवर पोरीला पडू-धडपडू देऊ नका. आतल्या आत फुटली तर जिवावर बेतेल."

हद्दूने मान हलवली. बाहेर बाकावर तूदा बसली होती. तिला तो एवढंच म्हणाला, "गाठ होती. अजून एक आहे."

त्या दिवसापासून हद्दूला काही वाटेनासं झालं. रडू नाही, राग नाही, भूक नाही. तूदा बोलायची ते ऐकू यायचं, पण आत पोचायचं नाही. एका गुरुवारी सुरीने बोट कापलं, तर गिऱ्हाईक ओरडलं तेव्हा त्याला कळलं. कलेजीत पिशवी निघाली की हात आपोआप मागे जायचा. कुत्री खायची. तीन गुरुवार असे गेले.

चौथ्या गुरुवारी, ईदच्या दोन दिवस आधी, झायदकाकांनी त्याचं मनगट धरलं.

"पोरीच्या पोटातून काय काढलं रे?"

"गाठ."

"मला शिकवतोस? ही असली गाठ ना?" काकांनी त्याच्या हातातली कलेजी वर उचलली. "बोल की! तोंड शिवलंय का?"

"हीच," हद्दू म्हणाला.

काका तिथेच पालथ्या टोपलीवर बसले. "मग ऐक. या पाण्यात बारीक वाळूसारखे कण असतात. एकेक कण म्हणजे एकेका किड्याचं डोकं. कुत्र्याने खाल्ला की तो आतड्याला चिकटतो आणि त्याचा तिळाएवढा किडा होतो. एकेका कुत्र्यात हजारो! कुत्रं मात्र ठणठणीत, शेपूट हलवत फिरतं. दीड-दोन महिन्यांत किड्यांची अंडी बाहेर पडतात. विष्ठेतून गवतावर जातात, कुत्र्याच्या केसांना लागतात. मेंढी ते गवत खाते, तिच्यात पिशवी धरते. तुझी पोर कुत्र्याच्या गळ्यात पडते आणि त्याच हाताने भाकरी खाते, तिच्यातही धरते. ती वर्षानुवर्षं वाढते आणि कुणाला पत्ता नसतो."

"मग मेंढी मेली की किडा संपायला हवा."

"संपलाच असता! पण मेंढीच्या पोटातून त्याला कुत्र्यापर्यंत कोण पोचवतं? तू! आणि मी. मी 'बाद' म्हणतो आणि पाठ फिरवतो. एकदा चारचौघांत बोललो होतो, लोक फिदीफिदी हसले. मग गप्प बसलो. चाळीस वर्षं!"

"मग परवा ईदला सांगा ना सगळ्यांना."

"माझं कोण ऐकतंय? ईदला सुरी घेऊन घरोघरी कोण जातं?"

"काय सांगू, काका? माझ्या हाताने माझी पोर..."

"तेच सांग," काका म्हणाले. त्या दिवशीची कलेजी त्यांनी पिशवीत बांधून घेतली आणि दवाखान्यामागे खोल खड्ड्यात पुरली.

ईदची नमाज झाली. हद्दू सुरी घेऊन निघाला. पहिल्या दोन घरचे मेंढे निरोगी निघाले. तिसरं घर बासूचं. त्याच्या मेंढ्याच्या कलेजीत तीन पिशव्या होत्या. बासूच्या बायकोने सवयीने ती उचलली आणि दारातल्या कुत्र्याला हाक मारली.

"थांब!" हद्दू म्हणाला. "कुत्र्याला नको. खड्डा खणा."

बासू हसला. "सणासुदीला हे काय रे? खाटकाचा धंदा सोडून कबरी खणायला लागलास?"

अंगणातली माणसं खो खो हसली. हद्दूने सुरी खाली ठेवली.

"माझ्या इत्तोच्या पोटातून हेच काढलंय. दुसरं छातीत आहे. तिला ते मी दिलं. मी कुत्र्याला घातलं, कुत्र्याने तिला दिलं. तुमच्या पोरांनाही द्यायचं असेल तर टाका!"

हसू थांबलं. बासूची धाकटी त्या कुत्र्याच्या पाठीवर हात फिरवत उंबऱ्यावर बसली होती. बासूने आधी तिला उचललं आणि मग फावडं आणायला गेला.

हद्दू दुपारी घरी पोचला, तोवर बातमी त्याच्या आधी पोचली होती. तूदा दारातच उभी होती.

"तुला इस्पितळातच कळलं होतं?"

"हो."

"आणि त्यानंतर झायदकाकांनी हात धरेपर्यंत तीन बाजार झाले. त्या तीन गुरुवारी तू ते कुत्र्यांना घातलंस?"

"घातलं."

तूदा ओरडली नाही. "मग ते आता कुणाच्या लेकराला लागणार आहे रे, हद्दू?"

कुणालाच ते ठाऊक नाही. पाच-दहा वर्षांनी कुठल्यातरी पोरीचं पोट दुखेल तेव्हा कळेल. महिनाभर दगडासारखा वावरलेला तो माणूस अंगणात बसून मोठ्याने रडू लागला.

तूदाने त्याला रडू दिलं. मग त्याच्यापुढे कुदळ टाकली. "ऊठ. आपला मेंढा अजून कापायचाय. आधी खड्डा. कमरेइतका खण, वर दगड ठेवायचेत."

इत्तोचं दुसरं ऑपरेशन येत्या सोमवारी आहे. पुढचं अल्लाच्या हाती. पण आपल्या हाती आहे ते ऐका, गाववाल्यांनो. पिशव्यांची कलेजी खोल पुरा. राखणीच्या कुत्र्याला दवाखान्यातून जंताची गोळी द्या. त्याच्यावर दया करायची असेल तर भाकरी घाला. पोरांना हात धुवायला लावा. आणि आपल्या हातून काय घडलंय हे कळलं, की त्याच दिवशी बोला. हद्दूने लाजेपोटी महिनाभर तोंड शिवून घेतलं, आणि त्या तीन गुरुवारांचा हिशोब कुणाच्या लेकराच्या पोटात वाढतोय, हे आज आमच्यातल्या कुणालाही सांगता येत नाही.