एखाद-दुसरं पाखरू

रिस्तेन म्हातारी उतरणीच्या पायथ्याशी पोचली आणि जागीच थांबली. तिनं परवा घातलेल्या कुडाच्या ऐन तोंडाशी कुणीतरी खांब ठोकला होता. खांबावर पिवळी पाटी होती. पाटीवर तितराचं चित्र काढलं होतं आणि चित्रातलं तितर चांगलं गुबगुबीत होतं.

"मेल्यांनो, चितारायला बरी गावली तुमास्नी," ती पाटीलाच म्हणाली.

पाटीवरचं सरकारी स्वीडिश तिला वाचता येत होतं, पण चष्मा घरी राहिला होता. चष्म्याशिवाय तिला एवढंच कळलं, की पाटी बातमी चांगली सांगत नाही. चांगली बातमी सांगायला कुणी गोठलेल्या मातीत पहार घालत नाही.

ती खाली बसली आणि कूड पुढं वाढवायच्या कामाला लागली. भूर्जाच्या डहाळ्या बर्फात ओळीनं खोचायच्या, गुडघाभर उंचीचा कूड करायचा. मध्ये मध्ये खिंडार सोडायचं आणि खिंडारात पितळी तारेचा फास टांगायचा. थंडीत पांढरं झालेलं तितर वाळुंजाचे कोंब टिपत बर्फावरून चालत येतं. कूड आडवा आला की ते उडत नाही. कडेकडेनं वाट हुडकत जातं, खिंडार दिसलं की मान घालतं. पंख असून चालत मरतं. माणसाचं तरी दुसरं काय असतं!

लुओप्पाल गावात हे काम बायकांचं. पुरुष रेनडियरच्या कळपामागं जातात, बाया फास लावतात. ही उतरण रिस्तेनला आईकडून आली होती, आईला तिच्या आईकडून. कागदावर कुणाचंच नाव नव्हतं. पण गावात लहान पोरालाही विचारा, ते म्हणेल, ती व्हय, रिस्तेनची उतरण.

आणि रिस्तेनला या उतरणीशिवाय आता उरलं काय होतं? कळप कोंडताना एका दांडग्या रेनडियरनं तिला कुंपणावर चेपलं, तेव्हापासून तिचा खुबा धड नव्हता. स्कीवर हळूहळू एवढी उतरण गाठता येई, त्यापुढं नाही. ज्या बाईला कळपामागं जाता येत नाही, ती चुलीपाशी बसते. आणि चुलीपाशी बसलेल्या बाईकडं घरातली माणसं जळणाच्या ढिगाकडं बघावं तसं बघायला लागतात. रिस्तेनकडं अजून तसं कुणी बघत नव्हतं, कारण दर हिवाळ्यात घरातलं पातेलं तिच्या फासांवर शिजायचं. सून मारेत पिसांवरून कुरकुरायची, "आई, अवो, कॉफीत पीस आलं!" म्हणायची. पण कुरकुरताना तिच्या तोंडात तितराचीच तंगडी असायची.

तेवढ्यात खालून फटफट ऐकू आली. बर्फावरची स्कूटर. वर बसलेल्या माणसानं सरकारी जाकीट घातलं होतं. जाकिटाच्या आत नीलास होता, रिस्तेनच्या भावाचा थोरला. गेल्या हिवाळ्यात रोगानं त्याचे रेनडियर मेले आणि त्यानं जिल्हा कचेरीची रखवालदारी धरली.

"आत्या," तो खाली न उतरताच म्हणाला, "पाटी वाचली न्हाईस का?"

"तू वाच की. शाळा शिकलास ती कशापायी?"

"ही उतरण राखीव झालीया. तितरं घटली. हिवाळ्यात फास बंद."

"आन् बंदूक?"

नीलासनं नाक पुसलं.

"बंदूक चालू हाय. पानगळीच्या हंगामात. परवाना काढून."

रिस्तेन हसली. हसताना तिच्या तोंडातून वाफ निघाली. "म्हंजी दक्षिणेकडनं गाडीभर मानसं येनार, कुत्री सोडनार, पिल्लं धड उडायला शिकली न्हाईत तवर ठोऽ ठोऽ करनार. आन् घटली कुनामुळं? माझ्या तारेमुळं! आंधळं दळतंय आन् कुत्रं पीठ खातंय रं बाबा. कुत्रं बी लायसनवालं."

"माझ्यावर काय वरडतीस? मी ठरवलं का? तुमीच सांगितलंसा शाळंतल्या बैठकीत."

रिस्तेनचा हात तारेवर तसाच राहिला.

शाळेतली बैठक. ती तिला चांगली आठवत होती. पानं पिवळी पडायच्या वेळी कचेरीतून लेनार्त साहेब आले होते. गोरे, सडपातळ, बोलणं मऊ. "साहेब म्हणू नका, लेनार्त म्हणा," असं सगळ्यांना सांगत होते. पहिल्या बाकावर शिकाऱ्यांच्या मंडळाचा विकांडर होता, नव्याकोऱ्या हिरव्या कपड्यातला. लेनार्त साहेबांनी आधी त्याला विचारलं. विकांडर उठला आणि छाती काढून बोलला. आम्ही इतके परवाने काढतो, इतकी पाखरं मारतो, इतक्या रात्री हॉटेलात राहतो, तुमच्या भागात इतका पैसा सोडतो. लेनार्त साहेब भराभरा लिहीत होते.

मग ते बायांकडं वळले. "आणि तुम्ही? एका हिवाळ्यात साधारण किती मिळतात?"

बाया एकमेकींकडं बघून गालात हसल्या. हा प्रश्न लुओप्पालमध्ये कुणी कुणाला विचारत नाही. तुझा कळप केवढा, असं जावयानं जरी सासऱ्याला विचारलं, तरी सासरा म्हणतो, झाडाच्या या अंगाला काही दिसतात, त्या अंगाला काही. आकडा तोंडातून गेला की डोंगर ऐकतो आणि पुढच्या खेपेला हात आखडतो, असं जुन्या बायांचं म्हणणं. त्यात खरंखोटं काही असो, बढाई मारणाऱ्या बाईच्या फासाला कोल्हा लागतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. म्हणून माची मोडेस्तोवर पाखरं टांगलेली असली तरी बाई म्हणते, हाय आपलं पातेल्याला वास लागन्यापुरतं.

सगळ्यांत थोरली म्हणून रिस्तेनच बोलली होती. मान खाली घालून, चांगल्या घरच्या बाईनं बोलावं तसं.

"कसलं काय, सायेब. गावतं आपलं एखाद-दुसरं पाखरू."

मागच्या बायांनी माना डोलावल्या. व्हय व्हय, एखाद-दुसरं. लेनार्त साहेबांनी तेही लिहून घेतलं, एका ओळीत.

बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनं विकत नाही, म्हणतात ते असं. तितरं घटली, काहीतरी बंद करायचं होतं. बंदुका बंद केल्या तर एवढाल्या माणसांचं नुकसान. फास बंद केले तर एका म्हातारीचं एखाद-दुसरं पाखरू. कचेरीतल्या कुठल्याही शहाण्यानं काय केलं असतं?

"तार काढ, आत्या," नीलास म्हणाला. "न्हाईतर मला काढावी लागंल."

"काढ की. तुझ्या बापाला तार वळायला म्याच शिकवलं. तू काढायला शिक."

नीलास उतरला. एकेक फास उपटून त्यानं पिशवीत टाकला. शेवटच्या खिंडारात तितर होतं, गोठून दगड झालेलं. त्यानं ते हातात धरलं आणि तसाच उभा राहिला.

"हे जमा करावं लागंल."

"जमा करून सोलनार कोन? सायेब?"

"आत्या, उगं लाज काढू नगंस."

"लाज जाकिटावर कुटं शिवलीया ते दाव, मंग न्हाई काढत."

तो पाखरू घेऊन गेला. कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय. पण जाताना तो मागं वळून बघत होता, एवढं म्हातारीनं पाहिलं.

त्या हिवाळ्यात घरात पिसं उडाली नाहीत. मारेतची कुरकुर थांबली. पण एक दिवस कॉफी ओतताना तिनं आधी पोरांना दिली, मग नवऱ्याला, मग स्वतःला आणि शेवटी म्हातारीला. मुद्दाम केलं नसेल. न करताच झालं, तेच वाईट.

बर्फ वितळायला लागल्यावर रिस्तेन बसनं जिल्ह्याच्या गावी कचेरीत गेली. लेनार्त साहेब लगेच भेटले, खुर्ची दिली, कॉफी दिली. रिस्तेननं पेला हातात धरला, पण प्यायली नाही. आयुष्यात कधी केली नव्हती ती गोष्ट तिला करायची होती.

"सायेब, मी आकडा सांगाया आलेय."

"लेनार्त म्हणा."

"नावानं हाक मारली म्हनून सायेब घरातला हुतो व्हय? ऐका. एका हिवाळ्यात माझ्या उतरणीवर चारशे तितरं गावतात. चांगल्या साली जास्तच. आमचं घर खातं, लेकीकडं जातात, उरलेली दुकानात. माझ्या आईनं बी तेवढीच धरली. आन् तरी पाखरं कमी झाली न्हाईत, कारन वरची अर्धी उतरण आमी कदीच धरत न्हाई. ती पाखरांची. आता लिवा."

साहेबांनी लिहिलं नाही. पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा खरंच दुःखी झाला, आणि तसा चेहरा बघितला की समजावं, आपलं मरण आलं.

"चारशे? एका बाईनं? तुम्ही तर एखाद-दुसरं म्हणाला होतात."

"ते म्हनायचं असतं."

"खोटं?"

"खोटं न्हवं. म्हनायची रीत."

"मग आता तितरं का घटली ते कळलं," साहेब हळू आवाजात म्हणाले. "बरं झालं तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत. फासबंदी होती ती दोन वर्षांची. आता मला ती कायमची करण्याची शिफारस करावी लागेल."

मागं लपवलं म्हणून गेलं, आता सांगितलं म्हणून गेलं. गरिबाच्या तोंडातून शब्द कसाही निघो, पडतो तो त्याच्याच पायावर.

गावात बातमी तिच्या आधी पोचली होती. दुकानात बेरेत नावाची तिच्याच वयाची बाई भेटली. तीही फास लावणारी.

"आकडा बोललीस म्हनं," बेरेत म्हणाली.

"बोलले."

"म्हंजी डोंगरानं ऐकलं. आता बस."

"डोंगरानं न्हाई गं ऐकलं. कचेरीनं ऐकलं. डोंगराला काळीज असतं."

बेरेतनं पिठाची पिशवी उचलली आणि पाठ फिरवली.

पानगळीत विकांडरची माणसं नेहमीपेक्षा जास्त आली. राखीव उतरण म्हणजे तिथं पाखरं असणार, एवढी अक्कल त्यांना पाटीनंच दिली. कुत्री पुढं, बंदुका मागं. जी वरची अर्धी उतरण रिस्तेनच्या घराण्यानं कधी शिवली नव्हती, तिथंच जास्त आवाज झाले. रिस्तेन दारात बसून ऐकत होती आणि बंदीआधीच्या तितराच्या पंखानं चुलीपुढची राख लोटत होती. पंखाची पिसं झडून नुसत्या काड्या उरल्या होत्या.

बर्फ पडलं तशी ती पुन्हा उतरणीवर गेली. पिशवीत तार नव्हती. नुसत्याच डहाळ्या खोचून तिनं कूड घातला, खिंडारं सोडली. कूड घालायला बंदी नव्हती, कारण काटक्यांवर कायदा करायचं अजून कुणाला सुचलं नव्हतं.

"आई, खूळ लागलं का?" मारेतनं विचारलं. "तारंबिगर कूड कशाला?"

"न्हाईतर पाखरं सवय इसरतील," रिस्तेन म्हणाली. "आन् मी बी."

सुरुवातीला कुडाच्या कडेनं जवळपास माग नव्हतेच. हिवाळा सरत आला तसे वरच्या रानातून थवे खाली आले. खिंडारातून पावलांच्या नक्षीवर नक्षी पडायला लागली. रिस्तेन रोज येऊन बघायची. नीलासही फेरीवर असताना लांबून बघायचा. एकमेकांशी बोलत नव्हते.

एका कडाक्याच्या सकाळी नीलासच्या मागं लेनार्त साहेब बसून आले. नाक लाल, मिशांवर बर्फ. येत्या पानगळीला या बाजूला बंदुकीचे परवाने द्यायचे की नाही, ते ठरवायचं होतं. रात्रीच्या वाऱ्यानं सगळे माग पुसून टाकले होते. उतरण कोऱ्या चादरीसारखी पडली होती.

"तुमचं माझं जुनं राहू द्या," साहेब म्हणाले. "या डोंगराची माहिती तुमच्याइतकी कुणाला नाही. खरं सांगा, किती तितरं आहेत आता इथं?"

रिस्तेननं वर पाहिलं. मोठ्या थंडीत तितरं उघड्यावर बसत नाहीत, बर्फात बुडी मारून आत झोपतात. वर राहतो तो नुसता बोटभर खळगा. वाळुंजांच्या वरच्या अंगाला असे खळगे पसरले होते, कुणी सगळी चादर अंगठ्यानं दाबत गेल्यासारखे. कुत्र्यांच्या तडाख्यातून वाचलेला सगळा डोंगर तिथं बर्फाखाली ऊब धरून बसला होता. साहेब तिकडंच बघत होते. त्यांना बर्फ दिसत होतं.

तिनं मान खाली घातली, चांगल्या घरच्या बाईनं घालावी तशी.

"कसलं काय, सायेब. हाय आपलं एखाद-दुसरं पाखरू."

साहेबांनी तिच्याकडं रोखून पाहिलं. मग नीलासकडं वळले. "तू रोज फिरतोस. खरं आहे?"

नीलासला खळगे दिसत होते. तो याच गावच्या बाईच्या पोटचा होता. त्यानं एकदा आत्याकडं पाहिलं, एकदा आपल्या बुटांकडं.

"एखाद-दुसरंच, सायेब," तो म्हणाला. "ते बी नशिबानं."

साहेबांनी लिहून घेतलं, एका ओळीत.

पानगळीत पाटीवर बंदुकीचं चित्र आलं आणि त्यावर लाल फुली आली. विकांडरनं वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, म्हणाला, हा अन्याय आहे, आमच्याशी कुणी बोललंच नाही. गावात ते मोठ्यानं वाचून झालं. बेरेत कितीतरी दिवसांनी रिस्तेनकडं कॉफीला आली आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आन् तुझी फासबंदी?" हसू थांबल्यावर तिनं विचारलं.

"ती हाय तशीच."

चुलीवर सुक्या मांसाचं कालवण रटरटत होतं. मारेतनं पेले मांडले, आधी बेरेतला दिला, मग सासूला. वर उतरणीवर तितरं होती. रिस्तेनच्या पातेल्यात नव्हती आणि विकांडरच्याही नव्हती. म्हातारी जिंकली ती एवढंच.