बॅटऱ्यांचा खण

सामान तोलायचा छोटा काटा चालेना, म्हणून बारा फेब्रुवारीला सकाळी क्लिफ हॅडफील्डने स्वयंपाकघरातला तिसरा खण उघडला. त्या खणात बॅटऱ्या, सुतळी, फ्यूज आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या असत. बॅटऱ्यांच्या डब्याखाली त्याला एक पाकीट सापडलं. त्यावर त्याच्या बायकोचं, बेव्हर्लीचं नाव होतं.

पाकीट त्याच्या ओळखीचं होतं. त्यांच्या वयाच्या प्रत्येकाला ते दर दोन वर्षांनी टपालाने येतं. आत एक प्लास्टिकची नळी असते आणि झाकणाला काडी. शौचाचा चिमूटभर नमुना काडीने नळीत घालायचा आणि पोस्टात टाकायचा. त्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त आहे का, ते प्रयोगशाळा बघते. क्लिफला स्वतःचं पाकीट आलं तेव्हा त्याने ते त्याच दिवशी परत पाठवलं होतं. बेव्हच्या पाकिटावर सत्तावीस जानेवारीचा शिक्का होता, आणि ते फोडलेलं नव्हतं.

आठ दिवसांपूर्वी त्याला संडासाच्या भांड्याच्या कडेला लाल दिसलं होतं.

"बीट खाल्लं ना काल," बेव्ह म्हणाली होती.

व्हिनेगरमधल्या बिटाची बरणी तेव्हाही फडताळात होती. तिचं सील शाबूत होतं.

क्लिफने दोन बॅटऱ्या घेतल्या, पाकीट होतं तसं डब्याखाली सरकवलं आणि खण लावला. मग फ्रिजवरच्या पांढऱ्या फळ्यावरचा २६४ हा आकडा पुसून त्याने २६३ लिहिला. मॉरिशसला जायला एवढ्या झोपा उरल्या होत्या. सुट्टी अशी झोपांनी मोजायची असते, हे इंग्लंडातल्या त्यांच्या ग्रिम्सबीत पोरंटोरंही जाणतात. साठी उलटलेली माणसंही ते सोडत नाहीत.

बेव्हने मासे साफ करण्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली होती. बर्फातला हॅडक मासा पट्ट्यावरून यायचा, तिने तो चिरायचा. संध्याकाळी घरी आली की कोट न काढता ती आधी सिंकपाशी जाई, गरम पाण्याचा नळ सोडी आणि बोटांत जीव येईपर्यंत त्याखाली हात धरून उभी राही. जन्म समुद्रकाठी गेला, पण घोट्याच्या वर पाणी तिने कधी लागू दिलं नाही. "हा कसला समुद्र, हा तर फ्रिज," ती म्हणायची. गळ्यापर्यंत शिरता येईल असा गरम समुद्र एकदा बघायचा, एवढंच तिचं मागणं होतं.

हा तिसरा प्रयत्न होता. पहिल्या वेळी क्लिफची आई अंथरुणाला खिळली. दुसऱ्या वेळी साथ आली आणि विमानंच बंद झाली. चार जानेवारीच्या शनिवारी, बाहेर गारा पडत असताना, दोघांनी पुन्हा ठरवलं: दोन नोव्हेंबरला निघायचं, बारा तासांचं विमान, चौदा रात्री, खोलीच्या दारातून पावलं थेट वाळूत. क्लिफने त्याच दिवशी निळी फाइल आणली आणि तिचे विभाग पाडले. बस आगारात चौतीस वर्षं त्याने चालकांच्या पाळ्यांचे तक्ते आखले होते. तो जे बघायचा ते लिहून ठेवायचा.

बारा तारखेला रात्री त्याने विम्याच्या विभागात मागल्या पानावर पेन्सिलीने लिहिलं: "१२ फेब्रु. तिसरा खण. पाकीट, न फोडलेलं. विचारलं नाही."

का विचारलं नाही, ते त्याला स्वतःशी नीट मांडता येत होतं. पॉलीन आणि तिचा नवरा डग यांचं उदाहरण त्याच्या डोळ्यांसमोर होतं. पॉलीन कारखान्यात बेव्हच्या शेजारच्या पट्ट्यावर होती. गेल्या वर्षी तिने असंच पाकीट भरून पाठवलं. पुढच्या तपासणीला या, असं पत्र आलं. पत्र आल्याबरोबर विमा कंपनीने सांगितलं, निकाल येईपर्यंत तुम्हाला विमा नाही. विम्याशिवाय एवढ्या लांब जाणं डगला पटेना. टेनेरिफ बेटाची सहल बुडाली. तीन आठवड्यांनी तपासणीत काहीच गंभीर निघालं नाही.

"एका काडीपायी माझं टेनेरिफ गेलं," पॉलीन क्लबात ज्याला त्याला सांगायची. "आणि निघालं काय? मूळव्याध!"

लोक हसायचे. बेव्हही हसली होती.

चौदा फेब्रुवारीला क्लिफने विमा कंपनीला फोन केला. बेव्ह त्याच्याकडे पाठ करून बटाटे सोलत होती. फोनवरची बाई यादीतले प्रश्न एकेक करून वाचत होती.

"तुम्हा दोघांपैकी कुणी एखाद्या तपासणीची किंवा तिच्या निकालाची वाट बघतंय का?"

"बेव्ह, तुझी कुठली तपासणी बाकी आहे का?"

"मला कुणी बोलावलंय? नाही."

"नाही," क्लिफ फोनमध्ये म्हणाला.

"डॉक्टरांना अजून न दाखवलेला काही त्रास?"

सोलणं थांबलं. क्लिफने बायकोच्या पाठीकडे बघितलं. तिने वळून बघितलं नाही, पण बटाटा हातात धरून ती उभी होती.

"मिस्टर हॅडफील्ड, ऐकताय ना?"

"तिच्या बोटांचे सांधे दुखतात."

"त्याची नोंद झाली आहे, साहेब. त्याखेरीज काही?"

"काही नाही."

सोलणं पुन्हा सुरू झालं.

पहिलं उत्तर शब्दशः खरं होतं. पाकीट गेलं नव्हतं, त्यामुळे निकाल यायचा नव्हता आणि कुणी वाट बघत नव्हतं. दुसरं खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे क्लिफला माहीत होतं. नोव्हेंबरात परतलो की दुसऱ्याच दिवशी डॉक्टर, असं त्याने मनाशी ठरवलं. सतरा नोव्हेंबर. सोमवार येत होता. फाइलमध्ये त्याने तेही लिहिलं.

मार्चात त्याने पाण्यात घालायचे रबरी बूट मागवले, कारण तिथल्या खडकांत काटेरी प्राणी असतात. प्लग इथलेच चालतात, हे त्याने दोनदा पडताळलं. लांबच्या विमानात पायांत रक्त गोठू नये म्हणून घट्ट मोजे आणले. उतरताना बेट कुठल्या बाजूला दिसेल याचा शोध घेऊन त्याने डावीकडच्या दोन जागा धरल्या. बेव्ह रोज संध्याकाळी फाइल उघडून बसे. ती आतलं वाचत नसे. समुद्राचा फोटो काढून समोर ठेवी.

तीस एप्रिलला दोघं गाडीने क्लीथॉर्प्सला गेली आणि समुद्रासमोर काचा बंद करून फिश अँड चिप्स घेऊन बसली. ओहोटी होती. पाणी दिसतही नव्हतं, नुसता राखाडी चिखल. बेव्हने चारदोन घास खाल्ले आणि कागद मिटला.

"पोट बरं आहे ना?" क्लिफने विचारलं.

काचेवर वाळूचे कण आपटत होते.

"का रे, का विचारलंस?"

"असंच."

बेव्हने काही क्षण त्याच्याकडे बघितलं. "असंच ना? मग बरंय," ती म्हणाली आणि उरलेलं पुडकं त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने तिचेही चिप्स संपवले. फळ्यावर त्या दिवशी १८६ होते.

मे महिन्यात घेतलेला पोहण्याचा पोशाख जूनमध्ये तिला ढगळ झाला. शनिवारी क्लबात बिंगोच्या टेबलावर पॉलीनने तिच्या कमरेत चिमटा काढला.

"काय गं, कुठला डाएट म्हणायचा हा? आम्हाला पण सांग की!"

"जिने चढउतर करते," बेव्ह म्हणाली.

"क्लिफ, सांभाळ हो बाबा. तिथले वेटर पळवून नेतील हिला. या वयात बिकिनीची तयारी चाललीय!"

"तिला नेलं तर माझी फाइलपण न्यावी लागेल त्यांना," क्लिफ म्हणाला, आणि टेबलावर हशा पिकला. डगने बेव्हसाठी आणखी एक शँडी मागवली. ती तिने प्यायली नाही.

जिने ती खरोखर चढत होती, पण अर्ध्यावर थांबून. पायऱ्यांच्या मधोमध तिचं थांबणं क्लिफला खालून ऐकू येई. केमिस्टकडून तिने लोहाच्या गोळ्या आणल्या आणि उघड्यावर, किटलीशेजारी ठेवल्या. त्या कशाला, असं क्लिफने विचारलं नाही. विमानात न्यायच्या औषधांच्या यादीत त्याने त्या लिहून घेतल्या. ऑगस्टात तिने दोन साइझ लहान पोशाख मागवला. त्याचं लेबल अजून काढायचं होतं.

नऊ सप्टेंबरला, चोपन्न झोपा उरल्या असताना, सुपरमार्केटात पैसे द्यायच्या रांगेत बेव्ह खाली कोसळली. टोपलीतली उन्हाच्या मलमाची बाटली घरंगळत दारापर्यंत गेली. अँब्युलन्स आली. हॉस्पिटलात तिला तीन बाटल्या रक्त चढवलं. नळी घातली, फोटो काढले, तुकडा तपासायला पाठवला.

सतरा तारखेला दोघांना एका लहान खोलीत बसवलं. टेबलावर कागदी रुमालांचा खोका होता. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. आतड्यात गाठ आहे. ती यकृतात गेली आहे, दोन्ही बाजूंना. औषधांनी तिला काही काळ रोखता येईल. काढून टाकता येणार नाही.

"पहिल्यांदा रक्त कधी दिसलं?" त्यांनी पेन उचललं.

"झाले असतील दोनेक महिने," बेव्ह म्हणाली.

"फेब्रुवारीत," क्लिफ म्हणाला. "चार फेब्रुवारी."

तो नेहमीसारखाच बोलून गेला. चुकीची तारीख कागदावर चढलेली त्याला बघवत नसे.

बेव्हने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. डॉक्टरबाईंनी तारीख लिहिली आणि तिच्याखाली रेघ ओढली.

"तेव्हाच आलो असतो तर?" क्लिफने विचारलं.

"आता पुढचं बघू या, मिस्टर हॅडफील्ड," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर कोट अंगात तसाच ठेवून बेव्ह स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली.

"फाइल आण."

"बेव्ह, तू आधी जरा पड."

"आण म्हणते ना. चार फेब्रुवारी म्हणालास. म्हणजे कुठेतरी लिहिलेलं असणारच तू."

त्याने फाइल आणून तिच्यासमोर ठेवली. ती पानं उलटत गेली. विमानं, मोजे, बूट, औषधं. विम्याच्या विभागात मागल्या पानाशी ती थांबली आणि चष्मा लावून तिने मोठ्याने वाचलं, "तिसरा खण. पाकीट, न फोडलेलं. विचारलं नाही."

क्लिफ उभाच होता.

"तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं," ती म्हणाली.

"म्हणून तर नाही विचारलं."

बेव्हने फाइल मिटली. समुद्राचा फोटो बाहेर राहिला होता. तो तिने कडेने आत ढकलला.

"किती वर्षं झाली या घरात आपल्याला?"

"सत्तावीस."

"सत्तावीस वर्षांत मी त्या खणाला कधी हात लावलाय? किल्ल्या तुझ्या, फ्यूज तुझे, बॅटऱ्या तुझ्या. आदल्या रात्री तूच म्हणालास, काटा चालत नाही, उद्या बॅटऱ्या घालतो. तू वर गेलास आणि मी ते पाकीट तिथे नेऊन ठेवलं."

क्लिफने खुर्चीची पाठ धरली.

"मला सापडावं म्हणून?"

"मग काय बॅटऱ्यांना बरं वाटावं म्हणून? दिवसभर वाट बघत होते मी. म्हटलं, आता येईल, पाकीट टेबलावर आपटेल, ओरडेल माझ्यावर. तू आलास आणि सांगितलंस, काटा चालू झाला, मोठ्या बॅगेत तेवीस किलो बसतात."

"तू बोलायचंस ना गं. एक शब्द."

"दोनदा गेलं होतं आधी. तिसऱ्यांदा माझ्यामुळे गेलं, असं नको होतं मला. तू म्हणायला हवं होतंस, मरू दे तो समुद्र, बेव्ह, आधी पाकीट पाठव. एवढंच ऐकायचं होतं मला. बटाटे सोलताना वाटलं, आता म्हणेल. गाडीत वाटलं. गोळ्या तर अगदी तुझ्या नाकासमोर ठेवल्या." ती थांबली आणि तिने दम घेतला. "आणि नंतर नंतर वाटायला लागलं, क्लिफ बोलत नाही म्हणजे तसं काही नसेल. तू सगळं बघतोस ना. तू गप्प आहेस, म्हणजे ठीकच असेल."

फ्रिजवरच्या फळ्यावर ४६ होते. ते त्याने सकाळी, हॉस्पिटलात जायच्या आधी लिहिले होते.

बेव्ह टेबलाला रेटा देऊन उठली. क्लिफने हात पुढे केला, तो तिने धरला नाही. ती सिंकपाशी गेली, कोटाच्या बाह्या वर सारल्या, गरम पाण्याचा नळ सोडला आणि त्याखाली दोन्ही हात धरले. त्या घरात गरम पाणी यायला वेळ लागे. बॉयलर वरच्या मजल्यावर होता.

क्लिफ तिच्या मागे येऊन उभा राहिला. कारखान्यातून आलेली बेव्ह नळाखाली हात धरून उभी असलेली त्याने हजारो संध्याकाळी बघितली होती.

"आलं का गरम?" त्याने विचारलं.

"नाही अजून," ती म्हणाली.