व्हॅनिला संपलंय

बाबांनी टेबलावरचं वर्तमानपत्र घडी करून खिडकीत ठेवलं, ओल्या फडक्याने टेबल पुसलं आणि कपाटातून दोन ताटल्या काढून समोरासमोर मांडल्या. डाव्या हाताला काटा, उजव्या हाताला चमचा. मग दारामागच्या खिळ्यावरचा चौकडीचा टॉवेल त्यांनी तिच्या हातात दिला.

“आज तू आई हो,” ते म्हणाले.

ती दुपारीच पोचली होती. ग्रंथालयातून सुट्टी काढून आली होती आणि उद्या बाबांना बाहेर जेवायला न्यायचं हे तिनेच फोनवर ठरवलं होतं. आई गेल्यापासून बाबा हॉटेलाची पायरी चढले नव्हते. या वेळी ते लगेच हो म्हणाले, याचं तिला नवल वाटलं होतं. तालमीची अट त्यांनी तेव्हा सांगितली नव्हती.

तिने टॉवेल मनगटावर टाकला आणि टेबलाशी जाऊन उभी राहिली.

“काय घेणार आपण?”

बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“एवढ्या प्रेमाने कोण विचारतं? तुझी आई बरी होती. तिला बघूनच निम्मी भूक मरायची.”

शाळेचा निकाल लागला की वर्षातून एकदा ते चौघं बाहेर जेवायला जात. आदल्या संध्याकाळी घरात तालीम होई. आई वेटर व्हायची. बसस्थानकाच्या तिकीट खिडकीत तिचा जन्म गेला होता, त्यामुळे तुसडेपणा तिला उसना आणावा लागत नसे. “लवकर बोला, मागे माणसं खोळंबलीत,” असं म्हणून ती हवेतच बोटाने ऑर्डर लिहायला सुरुवात करायची. दादा हसत हसत टेबलाखाली जायचा. बाबा हसत नसत. ते ताठ बसत, घसा खाकरत आणि म्हणत, “चार सूप. दोन नूडल्स. शेवटी चार व्हॅनिला.” आई कानामागे हात नेऊन विचारायची, काय म्हणालात? बाबा पुन्हा सांगत. आई मुद्दाम दुसरीकडे बघत राहायची. बाबा तिसऱ्यांदा सांगत.

मुलांना वाटायचं, आपल्याला रीतभात शिकवायला हा खेळ आहे. काटा कसा धरायचा, सूप पिताना आवाज कसा करायचा नाही. तेही आई शिकवायची, पण ओझरतं. टॉवेल खांद्यावर टाकून ती पुन्हा बाबांसमोर जाऊन उभी राहायची.

खेळ कुणासाठी होता हे लेकीला हळूहळू कळलं, आणि तेही कुणी न सांगता. अनोळखी माणसासमोर बाबांचे शब्द अडकत. सगळे नाहीत. ज्यांच्यासाठी आधी तोंड घट्ट बंद करावं लागतं असे, प किंवा ब ने सुरू होणारे. घरात ते सहसा अडकत नसत, कामावर तर बोलावंच लागत नसे. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ते भिंगं घासत. पुढे मालक बोलायचा, मागे बाबांचं चाक फिरायचं, आणि आई म्हणायची तसं, ते चाकच बाबांचं तोंड होतं. बाहेरच्या लोकांकडे या अडकण्याला एक शब्द होता. घरात तो कुणी उच्चारत नसे. आईचा नियम एकच होता. बाबांच्या तोंडातला शब्द कुणी काढून घ्यायचा नाही. कितीही वेळ लागो, तो तेच पुरा करतील.

त्यामुळे बाहेर जेवणं म्हटलं की तिला जेवण आठवत नसे. आठवायचं ते काचेचं जड दार, लाल रेक्झिनची बाकं आणि बाबांची ऑर्डर. वेटर येताना दिसला की ती बाबांच्या जबड्याकडे बघत बसायची. शेवटचं व्हॅनिला बाहेर पडलं की बाबा समोरचा पाण्याचा ग्लास एका दमात रिकामा करत, आणि मग कुठे तिला दिसायचं की कोपऱ्यात मासे ठेवलेली काचेची पेटी आहे आणि त्यातला एक मासा कायम उलट्या दिशेला पोहतो.

एका वर्षी वेटर नवा होता. त्याने कानावरची पेन्सिल काढली, सूप लिहिलं, नूडल्स लिहिले, आणि व्हॅनिलापाशी थांबला.

“व्हॅनिला संपलंय. पिस्ता आहे, कॉफी आहे, बटरस्कॉच आहे.”

आईने तालमीत सगळं केलं होतं. घाई, बहिरेपणा, मान वळवणं. व्हॅनिला कधी संपवलं नव्हतं.

बाबांचे ओठ मिटले. मिटलेलेच राहिले. गळ्याची शीर वर आली, खाली गेली. वेटर पेन्सिल वहीवर आपटू लागला. शेजारच्या टेबलावरच्या बाईचा चमचा मध्येच थांबला आणि तिने नवऱ्याला काहीतरी खूण केली. दादा पेटीतल्या माशांकडे बघत होता. त्याला काहीच दिसलं नाही. तिला मात्र समजलं होतं बाबांना काय म्हणायचंय. तो शब्द तिच्या जिभेच्या टोकावर होता. तिने तोंड उघडलं, आणि टेबलाखाली आईचा हात तिच्या गुडघ्यावर आला. हात जड नव्हता. पण तो उठेना.

“साहेब, सांगताय ना?” वेटर म्हणाला.

“नको,” बाबा म्हणाले. “आज नको.”

दादा घरी पोचेपर्यंत रडत होता. निकाल चांगला आणला होता, कबूल केलं होतं, मग का नाही? आई म्हणाली, थंड खाऊन घसा धरतो. बाबा हात पाठीमागे बांधून पुढे चालत होते. पुढच्या वर्षी ते पुन्हा तिथेच गेले. व्हॅनिला होतं. त्याच्या पुढच्या वर्षीही होतं. तालमीही झाल्या, आईचा तुसडेपणा उलट वाढतच गेला, पण तो एक प्रसंग तिने तालमीत कधी घेतला नाही.

आता तिने टॉवेल मनगटावरून काढून खांद्यावर टाकला आणि कमरेवर हात ठेवला.

“लवकर बोला. स्वयंपाकघर बंद व्हायची वेळ झाली.”

“हां,” बाबा म्हणाले. “आता जमतंय.”

ते ताठ बसले. घसा खाकरला. “दोन सूप. एक नूडल्स, दोघांत. शेवटी दोन व्हॅनिला.” तिने हवेत लिहिलं, ऐकू न आल्यासारखं केलं, पुन्हा वदवून घेतलं. मग ताटल्या उचलायला हात पुढे केला.

“थांब. पुढचं राहिलं.”

“पुढचं काय?”

“व्हॅनिला संपलंय म्हण.”

तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते खाली बघत चमच्याची दांडी ताटलीच्या कडेशी नीट जुळवत होते. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की ती संध्याकाळ तिच्या एकटीच्याच लक्षात आहे.

“राहू दे ना, बाबा. उद्या असेल व्हॅनिला.”

“असेल. तू म्हण.”

“व्हॅनिला संपलंय,” ती म्हणाली. आईचा आवाज काढायला गेली, तो तिचाच निघाला. “पिस्ता आहे. कॉफी आहे.” बटरस्कॉच तिने गाळलं.

बाबांचे ओठ मिटले. घरात ते असे मिटत नसत, म्हणजे तिचा वेटर खरा ठरला होता. नळाचं पाणी थेंब थेंब बादलीत पडत होतं. फळीवर ठेवलेला तिचा फोन थरथरला, दादाचा असणार, आणि थरथरून बंद पडला. गळ्याची शीर तशीच वर आली, फक्त आता तिच्यावरची कातडी सैल झाली होती. तिच्या लक्षात आलं की आपलेही ओठ घट्ट मिटलेत. हाताला काय करावं सुचेना, म्हणून तिने तो टेबलाच्या कडेवर ठेवला आणि तिथेच ठेवून दिला. खिडकीबाहेर कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. शब्द तिच्या जिभेवर होता, तेव्हा होता तिथेच.

“पिस्ता,” बाबा म्हणाले.

मग पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. मग समोरचा ग्लास एका दमात रिकामा केला.

“उद्या व्हॅनिला असलं तरी संपलंय असं धरून चालायचं,” तोंड पुसत ते म्हणाले. “मला ते कधी आवडलंच नाही. नुसतं गोड.”

“अहो, मग इतकी वर्षं?”

“ते तोंडातून यायचं ना,” बाबा म्हणाले.

ती हसली. त्यांना सांगावंसं वाटलं की त्या दिवशी माझ्या तोंडात होता तो शब्द, मी म्हणणारच होते. पण बाबा उठून काटे-चमचे फडक्यात गुंडाळायला लागले होते, शर्टाला इस्त्री करायची राहिलीय म्हणत होते, आणि ते खुशीत होते. तिने दादाला उलट फोन लावला आणि घरी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. उद्या कुठे जाणार हे मात्र सांगितलं नाही.

सकाळी शर्ट खुर्चीच्या पाठीला लटकत होता. बूट पॉलिश करून वर्तमानपत्रावर ठेवले होते. बाबा पलंगाच्या कडेला, भिंतीला टेकून बसले होते. एका पायात मोजा होता, दुसरा हातात. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या आणि मनगट धरून बसल्या, लागतो त्याहून जास्त वेळ बसल्या. ती दारात उभी राहून डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. वाट बघायची तिला सवय होती.

दादा आला. माणसं आली, गेली. ती परत निघायच्या आदल्या दिवशी दादा म्हणाला, आज घरात काही शिजवायला नको, बाहेरच खाऊ. तिने काही सुचवलं नाही. त्याने गाडी आपणहून त्या हॉटेलासमोर उभी केली.

दार आता हलकं होतं. लाल बाकं गेली होती, माशांच्या पेटीच्या जागी हात धुवायचं बेसिन आलं होतं. ते खिडकीजवळ बसले. दादाने कागदी रुमाल उचलला आणि त्याची घडी घालत बसला.

“एकदा बाबांनी इथूनच आपल्याला आईस्क्रीम न देता उठवलं होतं. आठवतं?” तो म्हणाला. “एवढा मी त्यांच्यावर कधी चिडलो नाही. अजून कळलं नाही का ते. बाकी कशालाही नाही म्हणायचे नाहीत.” तो हसला, पण घडी लहान लहान होत चालली होती. “विचारायचं राहूनच गेलं बघ.”

एक पोक्त वेटर आला. त्याच्या हातात वही नव्हती, पेन्सिल नव्हती, नुसता मागे हात बांधून उभा राहिला. तो येताना दिसला तेव्हाच तिची नजर दादाच्या जबड्याकडे गेली होती. दादाने मेनू न उघडताच एका दमात सांगून टाकलं. दोन सूप, एक नूडल्स. किती सोपं होतं ते.

“आणि शेवटी दोन व्हॅनिला,” दादा म्हणाला. मग तिच्याकडे वळून, “बाबांचं आवडतं ना. त्यांच्या नावाने.”

वेटर वळला.

“व्हॅनिला नको,” ती म्हणाली.

“आहे, बाई,” वेटर थांबून म्हणाला. “संपलेलं नाही.”

“असू दे. पिस्ता द्या.”

शब्द सहज निघाला. इतका सहज, की तिने पाण्याच्या ग्लासाकडे नेलेला हात मध्येच थांबला.

“अगं, पण बाबा तर...” दादा म्हणाला.

टेबलाखाली तिचा गुडघा मोकळा होता. ती क्षणभर थांबली, हात येतो का ते बघायला. दादाने घडी घालायचं थांबवलं होतं. तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

“बाबा तोतरे होते, दादा,” ती म्हणाली. “त्यांना पिस्ता हवा होता.”