मानेवरची चामखीळ

शिवणबाईच्या मानेवर, डाव्या कानाच्या चार बोटं खाली, एक चामखीळ होती. मुगाच्या दाण्याएवढी, बारीक देठाला लोंबणारी. लग्नात होती, दोन्ही बाळंतपणांत होती आणि आता सत्तरी जवळ आली तरी जागची हलली नव्हती. आयुष्यभर लोकांच्या कपड्यांतलं जास्तीचं कापून फेकणाऱ्या या बाईला स्वतःच्या अंगावरचा एवढासा तुकडा काही काढता आला नव्हता. त्याचा तिला राग होता, आणि शिवणबाईचा राग म्हणजे जपून, घडी घालून ठेवलेला राग.

प्रयत्न कमी झाले नव्हते. लग्न नवं होतं तेव्हा सासूबाईंनी लसूण ठेचून बांधली. कातडी भाजून निघाली, आठ दिवस मान वळवता येईना, चामखीळ मात्र ठणठणीत. मग कुणी चुना सांगितला, कुणी एरंडेल, कुणी केळ्याच्या सालीची आतली बाजू घासायला सांगितली. सांगणारे बक्कळ, गुण शून्य. शेवटी तिनं आपल्या धंद्यातलाच उपाय काढला. काजं करायचा रेशमी दोरा घ्यायचा, त्याला मेण चोळायचं आणि देठाभोवती करकचून बांधायचा. रक्त पोचेनासं झालं की आठ-दहा दिवसांत वाळून पडते, असं तिची आई म्हणायची.

तिनं तीनदा बांधला. तिन्ही वेळा चौथ्या-पाचव्या दिवशी दोरा तुटलेला. कोटाचं बटण वर्षानुवर्षं धरून ठेवणारा दोरा, आणि मानेवर चार दिवस टिकू नये? ती तणतणत दोरेवाल्याकडे गेली आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याचे वाभाडे काढले. कुजका माल विकतोस, म्हणाली. तो बिचारा शपथा घेत राहिला. त्यानंतर तिनं त्या दुकानाची पायरी चढली नाही. चाळीस वर्षं दोन गल्ल्या लांबून दोरा आणला, पायांचे तुकडे पडले तरी.

या सगळ्यावर तिचा नवरा अवाक्षर बोलायचा नाही. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. सुतारकामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. फळीवर रंधा मारून झाला की ते डोळे मिटायचे आणि अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचे. कुठे केसभर उंचवटा असला तर अंगठा तिथं थांबायचा. "डोळ्याला फसवता येतं, अंगठ्याला नाही येत," एवढंच म्हणायचे. दिवसभरातलं कधीकधी तेवढंच त्यांचं बोलणं असायचं. शिवणबाई म्हणायची, माझं लग्न एका कपाटाशी लागलंय, फक्त याला दारं नाहीत.

तीन वर्षांपूर्वी काचबिंदूनं मिस्त्रींची दृष्टी गेली. मग गेल्या वर्षापासून डोक्यातलंही एकेक निसटायला लागलं. आधी तारखा गेल्या, मग लेकींची नावं गेली, मग आवाजांची ओळख. रेडिओवरची बाई बोलली की ते तिला "हो, हो" म्हणायचे, आणि शेजारच्या खोलीतून बायकोनं हाक मारली तर रेडिओकडे तोंड करायचे. तरी बायकोला मात्र ते सोडत नव्हते. दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणीही चालत नसे. वरच्या मजल्यावर एक निवृत्त नर्स राहायची, स्वभावानं सरळ आणि तोंडानं फटकळ. तिनं एकदा मदत म्हणून चहा पाजायला घेतला, तर त्यांनी कपच उडवला.

रोज सकाळी शिवणबाई पलंगापाशी वाकायची. मिस्त्री चाचपत उजवा हात तिच्या गळ्यात टाकायचे, अंगठा मानेवर टेकायचा, ते क्षणभर थांबायचे, आणि मग म्हणायचे, "हं. चल." ती त्यांना उठवून बसवायची. तो क्षणभर ते दम घेत असतील, असं तिला वाटायचं. उभी हयात माणसाबरोबर काढूनही आपल्याला किती कमी कळतं, ते कळायला तिला अजून अवकाश होता.

झालं असं, की एके दिवशी गळ्यातला माप घ्यायचा टेप ओढताना त्याची पितळी पट्टी चामखिळीत अडकली. रक्त आलं. अर्धवट शिवलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर दोन थेंब पडले. आता मात्र तिची खोपडी सरकली.

नर्सनं पाहिलं आणि म्हणाली, "दवाखान्यात दाखवा. भूल देऊन दहा मिनिटांत काढतात."

"आणि यांना कुणाकडे ठेवू? तुमच्या कपाचं काय झालं ते विसरलात?"

"मग राहू द्या तशीच. पण घरी दोरेबिरे बांधू नका. रक्त आलंय, पिकलं म्हणजे? या वयात नसते उद्योग."

"नाही हो, मी कशाला बांधतेय," शिवणबाई म्हणाली आणि नर्स जिना चढून जायच्या आत तिनं काजाच्या दोऱ्याचं रीळ काढलं. मिस्त्रींच्या हत्यारांच्या पेटीत मेणाची डबी होती. त्यातलं मेण दोऱ्याला चोळलं. आरशासमोर मान तिरकी करून, दातांत एक टोक धरून, तिनं दोरा आवळला. डोळ्यांतून पाणी आलं, पण बाई खूश होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींचा अंगठा मानेवर थांबला तो थांबलाच. मग नख दोऱ्यापाशी उकरायला लागलं.

"अहो, काय करताय? असू द्या."

"दोरा," ते म्हणाले.

"हो, दोरा. मीच बांधलाय." तिनं त्यांच्या हातावर हलकी चापट मारली आणि नंतर वरून चिकटपट्टी लावून टाकली. पट्टीखाली उंचवटा लागायचा, तेवढ्यावर ते उठून बसायचे. पण रोज नख एकदा पट्टीच्या कडेवरून फिरायचं.

नवव्या दिवशी पट्टी काढताना चामखीळ तिच्यासोबतच निघून आली. काळी पडलेली, मिरीसारखी वाळलेली. शिवणबाईनं ती कागदात गुंडाळून केराच्या डब्यात टाकली आणि आरशापुढे उभी राहिली. मान इकडे वळवली, तिकडे वळवली. एक लालसर ठिपका, बाकी सगळं साफ. टेप गळ्यातून दोनदा मुद्दाम ओढून पाहिला. त्या दिवशी ती मशीनवर बसल्याबसल्या गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाकली. मिस्त्रींचा हात गळ्यात पडला. अंगठा मानेवर टेकला, कानाकडे सरकला, पुन्हा खाली आला, मागे गेला. फळीवरून फिरावा तसा तो फिरत राहिला आणि कुठेच थांबला नाही.

मिस्त्रींनी हात काढून घेतला. "कोण?"

"अहो, मी."

"मी कोण?"

"तुमची बायको. दुसरं कोण येणार या घरात सकाळीसकाळी?"

त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी चाचपून लावली. पांघरूण पायांवर ओढून घेतलं. परक्या बाईसमोर माणूस सावरून बसतो, तसे ते सावरून बसले. "माफ करा हं, बाई," ते म्हणाले. "आमची बायको आत असेल. तिला जरा बोलवता का?"

लग्नानंतर सत्तेचाळीस वर्षांत त्यांनी तिला कधी 'बोलवता का' म्हटलं नव्हतं. 'अगं' आणि 'ए', एवढ्यावर संसार झाला होता.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. चमचा ओठांशी नेला की तोंड बाजूला करायचे, रागानं नाही, संकोचानं. "ती आली की जेवतो. तुम्ही त्रास घेऊ नका." पाण्याचा पेला तेवढा आपल्या हातानं चाचपून घ्यायचे. तिनं त्यांना सगळं आयुष्य ऐकवलं. पहिलं भाड्याचं घर, पत्रा गळायचा ती खोली, थोरलीला गोवर झाला तेव्हाची धावपळ. ते कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "तिनं सांगितलं वाटतं तुम्हाला. बोलकी आहे ती."

दुसरा दिवसही तसाच गेला. नर्स खाली आली, तिनं त्यांची नाडी धरली, हाताची कातडी चिमटीत धरून पाहिली.

"आणखी एक दिवस बघू," ती म्हणाली. "मग मात्र भरती करावं लागेल. नाकातून नळी घालतील. हात बांधून ठेवतील, नाहीतर हे ती उपसून टाकतील. तिथं गेलेला या अवस्थेतला माणूस परत येतोच असं नाही, शिवणबाई. मी पाहिलंय."

मग तिचं लक्ष मानेकडे गेलं. ती तशीच जिना चढून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं, असं शिवणबाईला वाटलं. कुणीतरी आपल्याला शिव्या घालाव्यात असं तिला मनापासून वाटत होतं.

तिनं केराचा डबा धुंडाळायचा विचारही केला होता. पण केर कधीच गेला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं हत्यारांच्या पेटीतली मेणाची डबी पुन्हा उघडली. मुगाएवढी गोळी वळली, तिला बारीक देठ केला आणि मानेवर त्याच जागी दाबून बसवली. आरशात पाहून बारीक केली. हसू येण्यासारखंच होतं ते, सत्तरीतली बाई आरशापुढे मेणाची चामखीळ लावतेय. तिला हसू आलं नाही.

ती वाकली. हात गळ्यात पडला, अंगठा आला आणि त्या जागी थांबला. अंगठा हलकेच दाबला गेला. गोळी चपटी झाली. मिस्त्रींनी अंगठा नाकाशी नेला.

"मेण आहे," ते म्हणाले. "आमच्याच डबीतलं. फटी बुजवायला ठीक असतं हे." मग अगदी हळू, "बाई, असं का केलंत?"

इतके दिवस धरून ठेवलेलं शिवणबाईचं रडू फुटलं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि पदराऐवजी हातातला टेपच तोंडाशी धरून रडली. मिस्त्री कावरेबावरे झाले. त्यांनी हवेत हात फिरवून पाण्याचा पेला शोधला आणि तिच्या दिशेनं पुढे केला.

"रडू नका. तुमच्यावर नाही रागावलो मी. नाव काय तुमचं?"

तिनं नाव सांगितलं. आपलं नाव आपल्याच तोंडून ऐकताना तिला चमत्कारिक वाटलं.

मिस्त्रींचा चेहरा उजळला. "आमच्या बायकोचंही हेच आहे. चांगलं नाव आहे. मी कधी घेतलं नाही."

"का नाही घेतलं?"

"जमलं नाही." ते उशीला टेकले. अनोळखी माणसाशी बोलणं काहींना सोपं जातं, तसं त्यांना जात होतं. "तिच्या मानेवर चामखीळ आहे. तिला आवडत नाही ती. घरच्या सगळ्या बायका हात धुऊन मागे लागायच्या, ही काढ, ही काढ. लसूण बांधून मान भाजली पोरीची. मग ती दोरा बांधायला लागली. मजबूत दोरा, काजाचा. आणि मेण लावलेला." ते हसले. "मी तोडायचो तो. दुपारी तिचा डोळा लागला की पटाशीच्या टोकानं हळूच. पटाशीला धार लावून घ्यायचो आधी, दुखू नये म्हणून. तीनदा तोडला."

शिवणबाईच्या हातातला पेला मांडीवर कलंडला. पाणी खाली गळत राहिलं.

"कशासाठी?"

"आमचं बोलणं व्हायचं नाही हो. मला काही सुचायचंच नाही. घर भरलेलं, ती नवी. अंधाऱ्या खोल्या होत्या तेव्हाच्या. हाताला ती चामखीळ लागली की मला वाटायचं, चला, आपलं माणूस आहे." मग म्हणाले, "तिनं बिचाऱ्या दोरेवाल्याला फाडून खाल्लं. मला इतकं वाईट वाटलं, मी त्याला जाऊन दुकानात फळ्या बसवून दिल्या. त्यानं विचारलं कशाबद्दल, तर सांगता येईना."

शिवणबाई उठली. पातेल्यात भात होता, तो तिनं दुधात मऊ कुस्करला. मग वाटी घेऊन पलंगापाशी आली, पण रोजच्यासारखी कडेवर बसली नाही. स्टूल ओढलं आणि त्यावर, जरा अंतरावर बसली.

"मिस्त्री," ती म्हणाली. ही हाक तिनं आयुष्यात कधी मारली नव्हती. "तुमच्या बायकोनं मला सांगून ठेवलंय, त्यांना जेवायला घाला म्हणून."

"ती म्हणाली असं?"

"हो. म्हणाल्या, हट्टी आहेत, पण भूक सोसवत नाही त्यांना. आणि म्हणाल्या, नाही जेवले तर मी येऊन बघते त्यांच्याकडे."

मिस्त्रींच्या ओठांवर हसू आलं. "तीच," ते म्हणाले. "तीच बोलणार असं."

त्यांनी तोंड उघडलं. पहिला घास त्यांनी बराच वेळ घोळवला, दुसरा गिळला, मग वाटी संपेपर्यंत एकदाही मान वळवली नाही. वरून नर्सची पावलं उतरत आली, दारापाशी थांबली आणि तशीच परत गेली.

शिवणबाईनं त्यांचं तोंड पुसलं. हनुवटीला लागलेलं शीत काढलं. ते उशीवर मागे झाले आणि एकदम काहीतरी आठवून त्यांनी हात पुढे केला, तिच्यापर्यंत पोचेल न पोचेल असा.

"बाई, तेवढं ती आली की सांगू नका हं. दोऱ्याचं."

"नाही सांगत," शिवणबाई म्हणाली.