शिवणीतली माया

“त्यांना मात्र यातलं काही सांगू नका हं, डॉक्टर!”

आपल्यापैकी कितीजणांनी हे वाक्य दवाखान्याच्या व्हरांड्यात, आवाज खाली आणून म्हटलं असेल! म्हणताना वाटतं, केवढं ओझं आपण एकट्याने उचललं. मास्तरांच्या मुलीलाही तसंच वाटलं होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कात्रीवाले. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेलं. विडीला कधी शिवले नाहीत, तरी उजव्या फुफ्फुसात गाठ निघाली. कॅन्सर कुणाची चालचलणूक बघून येत नाही. ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाई म्हणाल्या, “गाठ अख्खी निघाली. भोवतालचा थोडा निरोगी भागही घेतलाय. कडा स्वच्छ आहेत.”

“म्हणजे माया सोडून कापलंत!” मास्तर खूश झाले.

डॉक्टरबाईंना काही उमगेना. मग मुलीने सांगितलं, की शिवणीच्या आत जादा कापड ठेवतात, पुढेमागे अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. त्याला शिंपी माया म्हणतात.

“मग हो, भरपूर माया सोडून,” डॉक्टरबाई हसल्या.

महिन्याभराने डॉक्टरबाईंचा फोन आला. फॉर्मवर नंबर मुलीचा होता, म्हणून ती एकटीच गेली. मास्तर मशीनवर बसले होते.

“गाठीचा तुकडा आपण पुढच्या तपासणीला पाठवला होता,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “त्यात रेणूंच्या पातळीवरच्या काही खुणा बघतात. कडा स्वच्छ दिसल्या तरी गाठीचा स्वभाव कसा आहे, हे त्या खुणांवरून थोडंफार कळतं. या गाठीचा स्वभाव चांगला नाही. ती परत येण्याची शक्यता जास्त आहे. शक्यता म्हणतेय, भविष्य सांगत नाहीये. पण जपून राहावं लागेल. औषधं सुरू करायची का, ते त्यांच्याशी बोलून ठरवू. त्यांना घेऊन या.”

मुलीने आधी दार लोटून घेतलं. “त्यांना नका सांगू. ते हाय खातील.”

“शरीर त्यांचं आहे, बाळ. आधी त्यांना न सांगता तुला सांगितलं, हीच माझी चूक झाली.”

“दोन दिवसांत आणते त्यांना,” असं म्हणून ती रिपोर्ट घेऊन निघाली.

आईला सांगितलं तर आई म्हणाली, “यांना अक्षरही कळता कामा नये. आत्ता कुठे जेवायला लागलेत.” झालं! दवाखान्यातून पुन्हा फोन आला तेव्हा मुलीने ठोकून दिलं, की आम्ही दुसरे डॉक्टर गाठलेत. रिपोर्ट तिने दुकानातल्या कागदी मापांच्या गठ्ठ्यात दडवला, तोही अगदी तळाला. तिथे एका गलेलठ्ठ वकिलांचं माप होतं. वकील दोन वर्षांपूर्वीच वारले होते, त्यामुळे त्याला कोण हात लावणार?

सात महिने घर हसतंखेळतं होतं. मास्तर खोकले की आई रेडिओ मोठा करायची. मग त्यांची पाठ दुखू लागली आणि एके सकाळी कात्री हातातून निसटली.

पुन्हा त्याच डॉक्टरबाईंकडे गेले; त्यांनी स्कॅनचे फोटो उजेडात धरून पाहिले. समोर मास्तर, त्यांच्या बाजूला मुलगी.

“दुसऱ्या फुफ्फुसात गेलंय. पाठीच्या मणक्यांतही.”

“काही करता येईल?” मुलीने विचारलं.

“त्रास कमी करता येईल.”

“आणि तेव्हाच औषध दिलं असतं तर?”

“कदाचित काहीच फरक पडला नसता. कदाचित काही वर्षं मिळाली असती. ते आता कुणालाच कळणार नाही.”

मुलीचा बांध फुटला. “बाबा, मी तुमचा रिपोर्ट लपवला! तुम्हाला त्रास नको म्हणून लपवला!”

मास्तर शांतपणे म्हणाले, “वकिलांच्या मापाखाली.”

“तुम्हाला माहीत होतं?” तिने विचारलं.

“वकिलांचा मुलगा आला होता. वडिलांसारखाच कोट हवा म्हणाला. माप काढायला गेलो तर हा कागद! औषधाच्या दुकानातल्या माणसाकडून वाचून घेतला. गाठ परत येईल असं लिहिलंय म्हणाला. पुन्हा होता तसा ठेवून दिला.”

“मग बोलला का नाहीत?”

“अगं, तू लपवलंस म्हणजे इलाज नसणार असं धरून चाललो. इलाज असता तर माझ्या लेकीने कागद लपवला असता का? म्हटलं, पोर एवढं सोसतेय, तिला कशाला उघडं पाडायचं.”

अरेरे! एकाच छपराखाली दोन माणसं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवून बसली होती. दोघांच्याही पोटात माया, आणि त्या मायेनेच वाट अडवली होती.

डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, “मास्तर, माया कशासाठी सोडतात, ते तुम्हा बापलेकींनीच मला शिकवलंत.”

मास्तरांनी मान हलवली. “वेळेला उसवायची म्हणून सोडतात. उसवायलाच घाबरलं तर आत नुसती टोचत राहते.” मग त्यांनी थेट विचारलं, “आता मलाच सांगा. वकिलांच्या मुलाचा कोट माझ्या हातून पुरा होईल का?”

“किती दिवसांचं काम आहे?”

“या हातांना दीड महिना.”

डॉक्टरबाईंनी मुलीकडे पाहिलं नाही, मास्तरांकडेच पाहिलं. “एकट्याने नाही होणार. मुलीला सोबत घ्या,” त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्या घरात काही लपवलं गेलं नाही. आईने रेडिओ बंद केला. मास्तर खाटेवरून सांगत, मुलगी कापत असे. ते चिडत, ती रडत रडत पुन्हा खूण करी. पण गेलेले सात महिने काही परत आले नाहीत. अस्तर लागलं, एक बाही लागली आणि मास्तर गेले. दुसरी बाही मुलीने एकटीने लावली. ती थोडी ओढली गेली आहे, कुणालाही दिसेल.

मंडळी, आजाऱ्याला त्याचा आजार सांगणं हा दुष्टपणा नव्हे. गाठीच्या खुणा आधी सूचना देतात, पण ज्याच्यासाठी ती असते त्याच्यापर्यंत ती पोहोचवायची आपणच. आपण ती दडवतो आणि त्याला प्रेम म्हणतो. आजाऱ्याला तर वाटतं, सगळं संपलं म्हणूनच ही माणसं गप्प आहेत. ज्याचं शरीर, त्याचा रिपोर्ट. तो त्याच्या हातात द्या, आणि मग त्याच्याजवळ बसा.

वकिलांचा मुलगा कोट न्यायला आला तेव्हा ओढलेली बाही पाहून म्हणाला, “ही जरा उसवून द्याल का?”

“देते ना,” मुलगी म्हणाली. “आत माया आहे.”